जुहूवर मारलेली हाक

मुंबईत सावध राह्यलंच पाहिजे, तुम्ही म्हणता ते बराबर आहे. पण आमच्या दत्तादादाचं काय झालं ते ऐका.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असंल. दादा पहिल्यांदाच मुंबईला गेल्ता. निघताना टेंभुर्णीत ज्यानं त्यानं बजावलं, "तिथं कोणी ओळख दाखवली तर थांबू नको. गोड बोलून लुटतेत."

संध्याकाळी जुहूच्या गर्दीत मागून एक दाढीवाला ओरडला, "ए कंदिल्या! अरे, थांब की!" दादा बिलकुल थांबला न्हाई. तो माणूस मागं पळत आला, तसा दादा चालत्या बसमधी चढला.

गावात आल्यावर दादा ओट्यावर बसून ऐटीत सांगू लागला, "लई हुशार चोर! माझं लहानपणीचं नावबी शोधून काढल्तं त्यानं."

शेजारच्या सरूकाकू ऐकत होत्या. त्यांचा भास्कर म्हणजे दादाचा वर्गमित्र. मॅट्रिकला नापास झाला म्हणून कैक वर्षांपूर्वी घर सोडून गेल्ता, त्याचा पत्ताच नव्हता. काकू हळूच म्हणल्या, "दत्ता, तुला कंदिल्या तर आमचा भास्करच म्हणायचा. दुसरं कोणी न्हाई."

दादाचं तोंडच उतरलं. दुसऱ्याच दिवशी तो परत मुंबईला गेला, जुहू सगळं पालथं घातलं. भास्कर काही सापडला न्हाई.

परत येऊन दादा काकूंच्या पायाशी बसून रडला. काकू त्याला रागावल्या न्हाईत. एवढंच विचारलं, "लई वाळला होता का रे?"