टॉवेलात सापडलेला केस

...नाही नाही, तुम्ही मला एक सांगा, एखाद्या बाईचे केस गळायला लागले तर त्यात गावाचं काय जातं? दाढ दुखली तर 'अरेरे' म्हणून लोक पुढं जातात, पाय मुरगळला तर तेवढंही म्हणत नाहीत, पण केस म्हटलं की जो तो वैद्य! भाजीवाली वैद्य, रिक्षावाला वैद्य, आणि एकदा तर गॅसची टाकी आणणारा माणूस दारात उभा राहून म्हणतो, 'वहिनी, हे पाण्यामुळं बघा, आमच्या मिसेसचं सेम हाय!' अरे बाबा, तू टाकी ठेव की! टाकी ठेव, सही घे आणि जा! पण नाही, तो चांगला शांपूचं नाव सांगून गेला.

तुम्हाला सांगते, आमच्या समोरच्या भाग्यलक्ष्मीचं जे झालं ते कुणाचं होऊ नये. भाग्यलक्ष्मी म्हणजे अंबादासची बायको, नरसम्माची सून. घर तेलुगू, विणकराचं. घरात तेलुगू बोलतात, गल्लीत मराठी आणि भांडताना दोन्ही. नरसम्मानं ही सून कशी पसंत केली माहिती आहे? मुलगी बघायला गेले, सगळे समोर बसून चेहरा बघतायत, शिक्षण विचारतायत, आणि ही बाई उठली ती सरळ पोरीच्या मागं जाऊन उभी राहिली. म्हणाली, 'मला इथनंच दिसतंय सगळं.' वेणी हो! कमरेच्या खाली वेणी! दिसायला चारचौघींसारखी, बोलायला कमी, पण पाठमोरी चालली की बायका बोलायच्या थांबायच्या. त्या एका गोष्टीवर ती पोर मान वर करून चालायची.

कामाला जाते टॉवेलच्या कारखान्यात, चेकिंगला. चेकिंग म्हणजे परदेशी जाणारा टॉवेल उजेडात धरायचा, सुटलेला दोरा कातरायचा, डाग दिसला की बाजूला टाकायचा, नाहीतर घडी घालून पिशवीत. नजर अशी बारीक, की मालक चनमल्लप्पा कुणी पाहुणा आला की तिच्याच टेबलाशी आणून उभा करायचा. सगळं सुरळीत. मग पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यू झाला. सगळ्या गल्लीला झाला, तिलाही झाला. ताप उतरला, अशक्तपणा जरा कमी झाला, दिवाळी आली, आणि अभ्यंगस्नानाला डोक्यावरनं पाणी घेतलं तर न्हाणीच्या जाळीवर हा एवढा झुपका! तिला वाटलं, कुणीतरी विग टाकून गेलं की काय.

तिथनं जे सुरू झालं! उशीवर केस, साडीवर केस, कुकरच्या शिट्टीला केस. एकदा अंबादासच्या आमटीत निघाला. आता नवऱ्यानं ओरडावं की नाही? ओरडला असता तर हिनं पण चार शब्द सुनावले असते, मोकळी झाली असती. तो बिचारा गरीब माणूस, त्यानं केस काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिला. तिला तेच जास्त लागलं.

आणि मग आल्या आमच्या गिरिजाबाई! कोपऱ्यावरच्या. 'अगंऽऽ, कांद्याचा रस! माझ्या मावसबहिणीला टक्कल पडलं होतं, टक्कल! आता दोन वेण्या घालते!' झालं. रोज सकाळी कांदे किसायचे, पिळायचे, डोक्याला थापायचे, मग धुवायचे, मग स्कूटीवर कामाला. त्या उन्हात, त्या हेल्मेटात, तो कांदा! चेकिंगच्या हॉलमध्ये शिरली की शेजारच्या टेबलावरची शमीम विचारायची, 'भाग्या, आज भजे बनाको लायी क्या गे?' कांद्यानं डोळ्यांत पाणी यायचं, तेवढं एक बरं होतं. रडलेलं कळायचं नाही.

आणि केस? केस आपले गळतायत!

मग शमीम म्हणाली, 'नजर लगी तुजकू, इत्ते लंबे बालां थे.' दृष्ट काढली. मिरच्या जाळल्या. सगळी गल्ली ठसकली. मग अंबादासनं कुठल्या तरी जत्रेतनं मुळ्या बुडवलेलं तेल आणलं, काळं कुळकुळीत. त्यानं उशी काळी झाली, अभ्रा काळा झाला, टॉवेल काळा झाला. केस? केस आपले गळतायत! मग कुणी म्हणालं अळशी, कुणी म्हणालं कढीपत्ता, कुणी म्हणालं टँकरच्या पाण्यानं धू, कुणी म्हणालं टँकरच्याच पाण्यानं गळतात. अहो, ठरवा की एकदा काहीतरी!

आता खरी गंमत ऐका. म्हणजे गंमत कसली, डोक्याला हात लावायची पाळी. शनिवार तिचा पहिल्यापासनं बालाजीचा. सोमवार सिद्धेश्वराचा, कारण सोलापुरात राहायचं आणि सोमवार धरायचा नाही असं कसं? त्यात गिरिजाबाईंनी शुक्रवार दिला, 'देवीला सांग, बाईचं दुखणं देवीलाच कळतं.' आणि गुरुवार तिचा तिनंच धरला, कुणी सांगितलं नव्हतं तरी! एवढे झालेत तर अजून एक. आता जेवायचे वार किती उरले तुम्हीच बघा. उपास म्हणजे काय, तर सकाळी चहा, दुपारी साबुदाणा, संध्याकाळी चहा, आणि मधे कुणी आलं तर त्यांच्याबरोबर चहा. चढताना जिन्यात दम लागायचा. म्हणायची, वय झालं.

तर अशातच कारखान्यात माल बघायला माणूस आला, परदेशी पार्टीचा. त्यानं एक खोका फोडला. पांढरेशुभ्र टॉवेल. वरचाच टॉवेल उचलला, झटकला, आणि त्यातनं केस लोंबायला लागला. लांब! असा लांब, की त्याला खालपर्यंत बघायला मान वाकवावी लागली. आता चौकशी कसली करायची? सगळ्या कारखान्यात एवढा लांब केस एकाच डोक्यावर!

चनमल्लप्पा ओरडला नाही हो. हळू बोलला. 'भाग्याक्का, वाईट वाटून घेऊ नका. पण मी माल पाठवू का केस पाठवू? असं करा, काही दिवस गोडाऊनला बसा, खोकी मोजा. बघू नंतर.' नंतर म्हणजे कधी? गोडाऊनला बसवलेली बाई परत चेकिंगला आलेली तिनं बघितली नव्हती. तिथं बसवायचं आणि मग एक दिवस सांगायचं की काम कमी आहे. तिनं हातच जोडले. म्हणाली, 'अण्णा, मी दोन टोप्या घालते.' तो म्हणाला, 'बरं, बघा.'

आणि घातल्या की दोन टोप्या! आधी तेल चोपडून अंबाडा, तो असा आवळलेला की भुवया वर जायच्या, त्यावर क्लिपा, त्यावर जाळी, त्यावर टोपी, त्यावर टोपी. एक केस बाहेर येईल तर शपथ! झालं काय, कपाळ मागं सरकायला लागलं. कानाच्या वर बोटभर जागा मोकळी झाली, भांग रुंद होत होत पार रस्ता झाला. तिनं आरशावर टॉवेल टाकून ठेवला, कारखान्यातलाच, डागामुळं बाजूला काढलेला, सेकंडचा. कुंकू अंदाजानं लावायची. कधी डावीकडं जायचं, कधी उजवीकडं.

सिनेमात बायका काय करतात, नळ सोडतात आणि रडतात. इथं नळाला पाणी चार दिवसांआड! नळ सोडला तर नुसती हवा येणार, फुस्स! मग ती न्हाणीत बसून बादलीत तांब्या बुडवायची, परत बादलीतच ओतायची, बुडवायची, ओतायची, आणि तेवढ्या आवाजात रडून घ्यायची. पाणी वाया घालवलं नाही हो तिनं, एवढं होऊन पण. आणि केस? केस आपले गळतायत!

शेवटी मीच म्हटलं, चल. काय व्हायचं ते होईल, पण कांदा पुरे. नेलं तिला त्वचेच्या डॉक्टरकडं. डॉक्टर सई म्हणून आहेत, कोवळी पोरगी, मला वाटलं हिलाच कुणीतरी सांभाळायला पाहिजे. तिनं काय केलं, दोन्ही टोप्या काढायला लावल्या, भांग बघितला, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. मग विचारलं, ताप आला होता का? पाळीत अंगावरनं किती जातं? आणि जेवता काय? भाग्यलक्ष्मी म्हणाली, 'कुठल्या वारचं सांगू?'

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक. पण लोह? लोह म्हणजे तळाला! डॉक्टर सई म्हणाली, 'मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, बऱ्याच जणींचे गळतात, आणि बहुतेक वेळा आपोआप थांबतात. पण तुम्ही त्यांना थांबू दिलं कुठं? पोटात काही नाही, वरनं आवळून बांधलंय. ताई, केस यावेत म्हणून तुम्ही उपास करताय, आणि केसांना तर तुम्ही उपाशीच ठेवलंय!' म्हणजे बघा! लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. डाळ, अंडी, पालेभाजी, शेंगदाणे. वेणी सैल. टोपी एक. कांदा भाजीत. आणि धीर धरा म्हणाली, सहा महिने तरी. भाग्यलक्ष्मीनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, 'आणि तेल कुठलं लावू?' डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

घरी येऊन तिनं तीन उपास सोडले. शनिवार मात्र ठेवला, अंडी सोडून दोन्ही वेळ जेवायचं या बोलीवर. पहिले दोन महिने काही नाही. गोळ्यांनी पोट बिघडलं, गिरिजाबाई म्हणाल्या, 'बघ, मी सांगत होते!' आणि केस? गळतायत! मग एका रविवारी विंचरलं आणि फणी बघितली. परत बघितली. थोडेच. आणि मग उन्हाळ्यात भांगाच्या दोन्ही बाजूंनी बारीक बारीक केस वर यायला लागले, सगळे उभेच! तेल लावा, पाणी लावा, बसायला तयार नाहीत. तिनं आरशावरचा टॉवेल काढला. मला हाक मारून दाखवलं, कुंकू बरोबर मधोमध. चनमल्लप्पानं पण गोडाऊनचं नाव परत काढलं नाही. एवढी हसली नव्हती ती कधी.

आता गल्लीत श्रेयाची वाटणी सुरू. गिरिजाबाई म्हणतात कांदा, शमीम म्हणते मिरच्या, अंबादास म्हणतो तेल, आणि गॅसवाला म्हणतो मी तेव्हाच सांगितलं होतं! एक माणूस काही बोलत नव्हतं, नरसम्मा. वर्षभर त्या बाईनं एक औषध सांगितलं नाही, एक टोमणा नाही. आणि दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी शेंगा फोडता फोडता म्हणते, 'भाग्या, आता गाडीचं रिझर्वेशन बघ. तिरुपतीला जायचं. मोक्कु बोललेय मी.' मोक्कु म्हणजे नवस.

'कसला, अत्तम्मा?'

'केस देते म्हणून.'

'कुणाचे?'

'तुझे की! गळत कुणाचे होते?'

अहो, ऐकताय ना? केस थांबू दे स्वामी, मग ते सगळे तुलाच देते! याला काय म्हणायचं? भाग्यलक्ष्मीच्या हातातनं सूपच पडलं. म्हणाली, 'गोळ्या मी खाल्ल्या, वास मी सोसला, लोकांचं मी ऐकलं, आणि नवस तुम्ही बोलला? मला न विचारता?' अंबादास मधे पडला, 'अम्मा, माझे देतो की.' नरसम्मानं त्याच्या डोक्याकडं एकदा बघितलं. 'तुझ्यात स्वामीला द्यायला काय राहिलंय?' मी म्हटलं, अहो, बायकांना वेणीच्या टोकाला तीन कात्र्या मारल्या तरी चालतं, लई बायका तसंच करतात. तर म्हणते, 'बोलताना तीन कात्र्या बोलले नाही मी.'

दोघी बोलायच्या बंद. घरात भांडी तेवढी वाजायची. मला विचाराल तर मी भाग्यलक्ष्मीच्या बाजूची, आजही आहे. पण एक दिवस सासूच तिच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, 'तू न्हाणीत पाणी ओतत बसायचीस, मी बाहेर उभी असायची. दार वाजवू का नको, कळायचं नाही. आत येऊन काय सांगू? मला लोह कळत नाही, मला थायरॉइड कळत नाही. सगळे तुला सांगायला होतेच. मी कुणाला सांगू? मला एकच दार माहिती, तिथं सांगितलं.' मग म्हणाली, 'आणि एकटीचे बोलले नाही. माझे पण बोललेय. तू नको म्हणालीस तर मी एकटी देते, दोघींचे म्हणून.' भाग्यलक्ष्मी रडली हो. न्हाणीत न जाता, तिथंच, सासूसमोर. जबरदस्ती कुणी केली नाही. रिझर्वेशन तिनंच काढलं.

गेले तिघं. केस द्यायच्या हॉलमध्ये दोघी शेजारी शेजारी बसल्या. अंबादास पण हौसेनं बसला, न्हाव्यानं त्याच्या डोक्यावर ओला हात फिरवला आणि म्हणाला, पुढचा! भाग्यलक्ष्मीनं डोळे गच्च मिटले. वेणी गेली, ते हट्टानं उभे राहिलेले बारीक केस पण गेले. तुळतुळीत डोक्याला चंदन लावलं, गार गार लागलं म्हणे. बाहेर येऊन पायरीवर बसल्या, सासूनं सुनेकडं बघितलं, सुनेनं सासूकडं. भाग्यलक्ष्मीनं हळूच डोक्यावरनं हात फिरवला, कपाळापासनं पार मानेपर्यंत. हात पुढं धरला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. नुसतं चंदन.

'अत्तम्मा,' म्हणाली, 'गळायचे थांबले.'