दह्याच्या भांड्यापुरती जागा

काटोलच्या एसटीत उत्तराने पुस्तक उघडलं खरं, पण पुढच्या सीटवरच्या नवराबायकोने तिला पान काही उलटू दिलं नाही. नवऱ्याच्या मांडीवर नव्या कॉम्प्युटरचं खोकं होतं, मिठाईच्या डब्याएवढं.

“एवढुसा? अन् आत डिस्क नाही, रॅम नाही?”

“ते आपन टाकाचं असते, सुभद्रा. आपल्या मिनलच्या बंद पडलेल्या लॅपटॉपचं बसते यात.”

“मंग रिकामा डब्बाच आनला ना जी तुमी.”

“लाईट कमी खाते. टेबल बी मोकळा होते.”

“जुना डब्बा मस्त गरम राहे. थंडीत माह्यं दही त्याच्यावरच लागे.”

“हा बी गरम होते.”

“होत असन. पन माह्यं भांडं मावन का याच्यावर?”

“मावते.”

“तुमाले काय माहीत?”

नवऱ्याने पायाजवळच्या पिशवीतून स्टीलचं भांडं काढलं.

“अगं बाई. निघताना हेच शोधून राहिली होती मी.”

“दुकानात ठेवून पाह्यलं.”

“दुकानदार हासला असन.”

“हासला. मंग त्यानंच हा पसरट डब्बा दाखवला.”

सुभद्राबाईंनी भांडं त्यांच्या हातातून घेऊन पिशवीत ठेवलं.

“द्या ते खोकं इकडं. तुमच्या मांडीवर लय हालून राहिलं.”