पुतळ्याचं तोंड

—नाही, पायाचं माप मला माहीत नाही. मी बायको होते त्यांची, शिंपीण नव्हे. पुतळा तू घडवणार ना, मग घड तुझ्या अंदाजाने! एका पायात क्रिकेटचं पॅड, दुसऱ्यात फुटबॉलचा बूट — ही कुणाची अक्कल? कमिटीची? वाटलंच. दोन क्लब भांडले म्हणून माणसाची अशी वाटणी करायची? अरे, असा माणूस दिसला तर लोक हार घालणार नाहीत, दवाखान्यात नेतील. आणि बूट कुठला? तेव्हा सगळे अनवाणीच खेळायचे. खाली काय लिहिणार — 'दोन्ही मैदानांचा राजा'? राजा! सहा महिने क्रिकेट, सहा महिने फुटबॉल, आणि घरी बारा महिने पाहुणे.

ते मरू दे, तोंड कुणीकडे करतोयस? — गोलपोस्टकडे? म्हणजे माझ्या खिडकीकडे पाठ? वा! जन्मभर तीच पाठ बघितली, आता दगडाची बघते. — दगड नाही? फायबर? आतून पोकळ? मग हुबेहूब होईल बघ.

कमिटीने ती फायनल सांगितली असेल ना तुला — रेफरीने फसवलं म्हणून हरलो? डोंबल! रेफरी बिचारा देवमाणूस. चेंडू उंच आला आणि आमच्या ह्यांनी झेलला. दोन्ही हातांनी. फुटबॉल! झेलला, वर उडवला आणि 'आउट' म्हणून ओरडले. गोलकीपर नव्हते रे, बॅक होते — आपल्याच गोलसमोर! पेनल्टी, गोल, कप गेला. समोरच्या टीमनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. झेल चांगला होता म्हणे.

कसं झालं म्हणजे? लक्ष नव्हतं. कुठे होतं ते मला काय विचारतोस — इथे होतं, या खिडकीत. मी नवी नवरी, केस वाळवत उभी. माणसाने केससुद्धा वाळवू नयेत? आणि हे मैदानातून, सगळ्यांच्या देखत, हसले माझ्याकडे बघून — तेवढ्यात वरून चेंडू. झालं! त्यानंतर वीस वर्षं खेळले, पण इकडे पाठ करून. खेळ इकडे सरकला तर उलटे पळायचे — उलटे! पेपरात आलं, 'मागे पळण्याची नवी शैली'. पोरं शिकायला लागली, दोघांचे गुडघे फुटले. आणि मी रोज उभी. — हवेसाठी! खिडकीत हवा येते, म्हणून. एकदा मान वळवली असती तर कप परत गेला असता का? गेलेलाच होता की.

म्हणून सांगते, तोंड इकडे. आणि हसरं. चेहऱ्यासाठी फोटो पाहिजे ना? पॅड आणि टोपीशिवायचा, हसरा असा एकच आहे, तो माझ्या कपाटात. तोंड इकडे केलंस तर मिळेल, नाहीतर कर बिनचेहऱ्याचा. — कमिटी चिडेल? चिडू दे, पुतळा काय कमिटीच्या खिडकीतून दिसणार आहे? — हसरा पुतळा वीरासारखा दिसत नाही? मग बरोबर आहे. — एकच का हसरा, दुसरे फोटो... किती विचारतोस रे! चहा संपला ना तुझा? मग ऊठ. आणि आधी खिडकीपुढून सरक.