सडा न घातलेली सकाळ

सासरी माझा वट कधीपासून, असं विचारता ना? मग ऐका.

लग्न अगदी नवं होतं. नगरला तेव्हा नगरपालिका होती आणि सावेडीतल्या आमच्या घरासमोरचा रस्ता कच्चा. ट्रक गेला की धुरळा थेट घरात, अन् सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, दम्याची ढास. त्यांनी पालिकेच्या साहेबांच्या मागे लागून लागून शेवटी फाटकाशी हवा तपासायचं यंत्र बसवून घेतलं. आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ दिसली, तरच रस्ता डांबरी होणार होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद काढला, तर तो जवळजवळ कोरा!

"अण्णा, तुमची हवा तर महाबळेश्वरची आहे!"

अण्णा उत्तर द्यायला गेले आणि खोकतच बसले.

मला कारण ठाऊक होतं. पालिकेची माणसं येणार म्हणून सासूबाईंनी माझ्याकडून सकाळ-संध्याकाळ सडा घालून घेतला होता, पार रस्त्याच्या मध्यापर्यंत.

मी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तोंड उघडलं. "साहेब, यंत्र आणखी एक दिवस राहू द्या. आई, उद्या मी सडा घालणार नाही."

"अगं, नवी सून घरात आणि दार पारोसं? लोक काय म्हणतील?"

"नाही घालणार ती!" अण्णा खोकत खोकत गरजले.

पुढचा कागद विटकरी निघाला. साहेबांनी तो घडी करून नेला, आणि दिवाळीआधी डांबर पडलं.

रोलर फिरत होता, तेव्हा सासूबाई शेजारणीला ऐकवत होत्या, "आमच्या सुनेनं एकच दिवस आळस केला, अन् बघा, रस्ता झाला! तुमची रोज करते, काय उपयोग?"