पाच माणसांचं लग्न, सहावा गाडीत

ये, अशी जवळ ये. तिथं गेटाशी उभी राहून हात काय हलवतेस मेघना, मास्क आहे ना तोंडावर, दीड मीटर म्हणजे त्या कढीपत्त्याच्या कुंडीपर्यंत, खुर्ची ठेवलीय, बस. तीनदा फोन केला तुला, तिन्ही वेळा मावशी मीटिंग आहे, मावशी मीटिंग आहे, अगं घरात पायजमा घालून कसल्या मीटिंगा तुमच्या, रस्ता ओलांडला की माझं घर. आता लिहून घेते म्हणतेस तर घे, पण मध्ये थांबवू नको आणि गोड करून लिहू नको. मी चिडलेली बाई आहे, तशीच राहू दे मला.

मी नगरकडची. आमची आई मिशनची बायबल बाई होती. तू पुण्याची, हिंदू घरातली, तुला सांगायला पाहिजे. बायबल बाई म्हणजे बैलगाडीतून गावोगाव जायची, बायकांना अक्षरं शिकवायची, शास्त्र सांगायची, गाणी म्हणायची, कुणाचं मूल गेलं तर जाऊन बसायची, म्हणजे सगळं पाळकाचंच काम, फक्त पगार निम्मा. आणि रविवारी ती चटईवर, बायकांच्या बाजूला, आणि टेबलामागं पाळकसाहेब. प्रभुभोजन असतं आमच्यात, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, प्रभूच्या आठवणीचा. ते द्यायचा हक्क दीक्षा झालेल्याला, आणि दीक्षा पुरुषाला. मी मॅट्रिक झाले आणि पंच कमिटीपुढं उभी राहिले, म्हटलं मला पाळकाचं शिकायला पाठवा. लई हसले. त्यातला एक डोळे पुसून म्हणाला, अगं सुमन, मुलींना नर्सिंग आहे की. मंग गेले नर्सिंगला, काय करणार.

नवरा माझा दाविद, फिटर, त्याच्या व्हिसावर आम्ही इकडं ऑस्ट्रेलियात आलो, मी म्हाताऱ्यांच्या एज्ड केअरमध्ये लागले आणि सिडनीच्या या टूनगॅबीत हे घर घेतलं. मराठी ख्रिस्ती कुटुंबं म्हणशील तर अकरा. त्यात काय सांगू तुला, मेथॉडिस्ट होते, वसईचं एक कॅथलिक जोडपं होतं, काही डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा मानणारे, काही अख्खा माणूस पाण्यात बुडवल्याशिवाय न मानणारे, एक बाई तर टाळ्या वाजवल्या नाहीत तर प्रार्थना पोचत नाही म्हणायची. पण मी म्हटलं, अगं इथं मराठीत प्रार्थना करायला आपण इतकेच, आधी एकत्र बसा, भांडण चहाला करा. गोऱ्यांच्या चर्चचा हॉल मिळाला, रविवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, तीन वाजता. तिथला मिनिस्टर केन, म्हातारा, लई भला माणूस, महिन्यातून एकदा येऊन भाकर आशीर्वादित करायचा, आणि त्याला जमलं नाही की म्हणायचा, सुमन, यू डू इट, नो वरीज. मंग मी द्यायची. उपदेशही मीच करायची. बारा वर्षं कुणी तक्रार केली नाही, वसईच्या त्या कॅथलिक आजोबांनीसुद्धा नाही, ते घेत नसत पण मान खाली घालून बसत.

मंग दाविद आजारी पडला. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात केनला फोन लावला तर तो क्वीन्सलंडला मुलीकडं. दाविदला बोलता येत नव्हतं पण हात असा पुढं केला, चर्चमध्ये भाकर घ्यायला करतो तसा. मी बघितलं, ट्रेवर टोस्ट पडलेला आणि सफरचंदाचा रस. मी तो टोस्ट मोडला, प्रभुभोजनाचे शब्द म्हटले, त्याच्या ओठाला लावला. त्यानं घेतला. संध्याकाळी गेला.

वर्षभरानं आला पास्टर शमुवेल. सिटीझन झालेला, आयटीतली नोकरी सोडलेली, आणि देवानं बोलावलं म्हणे. दीक्षा कुणी दिली विचारशील तर पुण्यात त्याच्या मामाची स्वतंत्र मंडळी आहे, स्वतःचं चर्च, तिथं मामानं. लोकांना आपला पाळक मिळाला याचा आनंद, मीही पहिल्या दिवशी पुरणपोळ्या केल्या, हो, माझ्या हातानं. दुसऱ्या महिन्यात पुलपिटवरून म्हणाला, बायबलातल्या पौलाच्या पत्राप्रमाणं बाईनं मंडळीत शिकवू नये, आणि इतकी वर्षं दीक्षा नसलेल्या हातून जे वाटलं गेलं ते प्रभुभोजन नव्हतं, तो दुकानातला ब्रेड होता. सगळे खाली बघायला लागले. मी उठले, म्हटलं, पास्टर, मंग माझ्या नवऱ्यानं शेवटचं काय घेतलं? तर तो काय म्हणाला माहितीय, सिस्टर, ते देव जाणे.

देव जाणे! म्हणजे माझा दाविद उपाशी गेला. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटचा घास खोटा. एवढंच मला पाहिजे होतं त्याच्याकडून, की नाही सिस्टर, तो उपाशी गेला नाही. तेवढं एक वाक्य. ते म्हणाला नाही. मी हॉल सोडला नाही, का सोडू, मी मिळवलेला हॉल आहे, मागच्या खुर्चीवर बसायची आणि त्याच्याकडं बघत राहायची.

आणि त्याच वर्षी मी ते सेलिब्रंटचं केलं. इथं सरकार साध्या माणसालाही लग्न लावायचा अधिकार देतं, कोर्स करायचा, परीक्षा द्यायची. शिफ्टवरून यायची आणि किचनच्या टेबलावर असाइनमेंट लिहायची, दोनदा परत आले पेपर, लेक म्हणायचा, मॉम, व्हाय आर यू डूइंग धिस, मी म्हणायची, रागानं करतेय बाळा. खरं तेच. आला कागद. आणि पास्टर शमुवेलला तो अधिकार नव्हता बरं, त्याची मंडळी सरकारच्या यादीत नाही. आमच्यात लग्न असलं की तो सगळा थाट करायचा आणि सह्या केन करायचा. हे मला माहीत होतं आणि मी गप्प होते.

मंग आला करोना. हॉल बंद, झूमवर उपासना. पहिल्याच रविवारी पास्टर म्हणतो, आपापल्या घरातला ब्रेड घ्या, ज्यूस घ्या, मी इथून आशीर्वाद देतो. मला राहवेना. म्हटलं, पास्टर, माझ्या हातानं मोडलेला टोस्ट दुकानातला ब्रेड, आणि तुमचा वायफायवरून आला की प्रभुभोजन? वायफायची दीक्षा झालीय का? अकरा चौकटीत अकरा घरं, कुणी तरी फस्सकन हसलं. आणि त्यानं मला म्यूट केलं. माझे ओठ हलतायत आणि आवाज नाही, मलाच दिसतंय स्क्रीनवर.

आता बघ प्रभूचं कसं असतं. चौथ्या दिवशी फोन आला, ग्रेसचा, त्याच्या मुलीचा. आंटी, प्लीज, म्हणून रडायलाच लागली. तिचं लग्न ठरलेलं, आशिषशी, त्याला तिकडं वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या खाणीत इंजिनिअरची नोकरी लागलेली, आणि बातमी आली की ते राज्य बॉर्डर बंद करतंय. रविवारचं विमान. पास्टरचं म्हणणं, लग्नाशिवाय पोरगी त्याच्याबरोबर विमानात बसणार नाही. केनकडं लग्नाची नोटीस कधीच देऊन ठेवलेली, पण केन सत्तरीच्या पुढचा, डॉक्टरनं दाराबाहेर पडू नको सांगितलेलं. त्यानंच ग्रेसला सांगितलं, सुमनला विचार, कागद मी तिच्याकडं पाठवतो.

मी म्हटलं, बाळ, तुझं लग्न मी लावणार, त्यात प्रश्नच नाही. पण तुझ्या बाबाला मला फोन करायला सांग.

केला. अर्ध्या तासानं, पण केला. सिस्टर, कागदाचं तेवढं तुम्ही करा, प्रार्थना आणि आशीर्वाद मी देतो. मी म्हटलं, पास्टर, एक वाक्य म्हणा. दाविद उपाशी गेला नाही. मंग म्हणाला, सिस्टर, तो सिद्धांताचा विषय आहे, लग्नात कशाला आणता. बरं, म्हटलं. मंग मीपण सिद्धांतानंच चालते.

नियम होता पाच माणसं. नवरा, नवरी, लग्न लावणारी, दोन साक्षीदार. एक साक्षीदार आशिषची बहीण, तो त्यांचा हक्क. राहिली एक जागा. नवरीकडून कोण, तर मी वत्सलाचं नाव सांगितलं, पास्टरच्या बायकोचं. ती बाई आजवर हॉलच्या किचनमध्ये कप धूत आली, कुणी तिला पुढं बोलावलं नाही. बापाला घेता आलं असतं ना? आलं असतं. ग्रेसनंही विचारलं, आंटी, बाबा? म्हटलं, आईनं नऊ महिने पोटात ठेवलंय तुला, आई येईल. पोरगी बरं म्हणाली, विमान डोळ्यापुढं होतं तिच्या.

मागचं अंगण मोठं आहे माझं. पण मी मुद्दाम इथं पुढं ठेवलं, म्हणजे रस्त्यावर गाडीत बसून पास्टरला दिसावं. काच खाली करून बसला होता, कोट घालून, बायबल मांडीवर. नगरचे पुण्याचे नातेवाईक झूमवर, होस्ट मी, सगळ्यांना म्यूट ठेवलं. त्यालाही. मंग इथं लग्न लावणाऱ्यानं आधी म्हणावं लागतं, की मला कायद्यानं लग्न लावायचा अधिकार आहे. एरवी मी पटकन म्हणून मोकळी होते. त्या दिवशी गाडीकडं तोंड केलं, इंग्लिशमध्ये म्हटलं आणि परत मराठीत म्हटलं. मला, कायद्यानं, अधिकार आहे. शेजारचा टोनी कुत्रं घेऊन चालला होता, तो शाबासकी देत म्हणाला, गुड ऑन या, सुमन!

प्रार्थनेच्या वेळी पास्टर गाडीतून उतरला आणि गेटाला हात लावला. सिस्टर, प्रार्थना तरी. मी म्हटलं, पास्टर, आत पाच झालेत, सहावा आला तर पोलीस पोरांना दंड करतील, बघा बाई. आणि वत्सलाला म्हटलं, तू कर. ती घाबरली, पदर ओढला, नवऱ्याकडं बघितलं, मंग डोळे मिटले आणि अशी प्रार्थना केली त्या बाईनं, मेघना, माझ्या आईची आठवण यावी अशी. गेटाबाहेर त्यानं चष्मा काढून पुसला, परत पुसला. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. वाईट वाटलं का म्हणशील तर वाटलं, पोरीचा बाप होता तो. पण मी गेट उघडलं नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उघडणार नाही, हे पण लिही.

सह्या झाल्या. वत्सला गाडीत बसायला गेली आणि दार धरून वळली. नवरा आत, हात स्टिअरिंगवर. म्हणाली, सुमनताई, माझी शेवटची वेळ आली तर तुम्ही या. तुमच्या हातचं प्रभुभोजन द्या मला. हळू नाही बोलली, चांगलं स्पष्ट. त्यानं मान वळवली नाही. गाडी मात्र लगेच सुरू झाली नाही.

आता त्यानं चार घरं घेऊन वेगळी झूम काढलीय, पाण्यात बुडवणारे सगळे तिकडं. आमच्यात सात घरं, आणि उपदेश मी करते. वत्सला तिच्या घरच्या लाँड्रीत, कपडे धुवायच्या खोलीत, फोन घेऊन आमच्यात बसते, मशीनचा आवाज येतो मागून, कॅमेरा बंद. ग्रेस फोन करते, तिकडं लाल माती नि माश्या म्हणते, पण खूश आहे. पास्टरनं ते वाक्य अजून म्हटलेलं नाही. मला आता त्याच्याकडून नको आहे, त्याच्या बायकोनं गाडीच्या दाराशी दिलं मला. क्षमा कर म्हणतो प्रभू, करीन की, घाई कसली, मी काय आज मरतेय?

ऊन गेलं बघ, थंडी वाजेल तुला. देव तुझं भलं करो, तुझ्या त्या मीटिंगांचंही. शनिवारी ये, नवऱ्याला आण, मास्क लावून का होईना पण या, मी एकटीला पोळ्या करायचा कंटाळा येतो गं.