काकूंचा ब्रेक

आमच्या सुमनकाकूंनी साठीत स्कूटी शिकायचा हट्ट धरला, ते ऐका. नाशिक रोडची आमची कॉलनी पडली दिलदार. थांबायच्या वेळी काकू "धरा रे!" ओरडल्या की दूधवाल्यासकट सगळे धावत जाऊन गाडी धरायचे. वळताना गुडघे फुटले, तरी काकू रोज सकाळी हजर.

मग लायसन्सची टेस्ट आली. काकूंनी आठचा आकडा झकास काढला आणि गाडी थेट टेस्ट घेणाऱ्या साहेबांच्या अंगावर घातली. "साहेब, धरा!"

साहेब उडी मारून झाडामागे गेले. काकू नापास.

दुसऱ्या दिवशीही आम्ही सगळे रस्त्यात उभे राहिलो, पण हात मागे बांधून. काकूंनी ओरडून पाहिलं. कुणी हललं नाही, तेव्हा त्यांनी कचकन ब्रेक दाबला.

"मेल्यांनो, मला थांबता येतं, हे आधी का नाही सांगितलंत?"