गळ्यातलं कार्ड

हॅलो? … बोल छोटे. …

हो, दुकानातच आहे. मशीन चालू आहे, जरा मोठ्यानं बोल. …

नाही, रागावलो नाही. तुमच्या ऑफिसचा नंबर दिसला की उचलायला हात पुढे होत नाही, एवढंच. याच नंबरवरून फोन आला होता त्या दिवशी. …

मला कसं कळवलं ते तुला कुणी सांगितलंच नाही? मग ऐक. तुमचे साहेबच बोलले. म्हणाले, तुमच्या मिसेस शिक्षकांना शिकवता शिकवता कोसळल्या, डॉक्टर येऊन गेले, उपयोग झाला नाही. मी स्टुलावर बसलो. तर पुढचं वाक्य काय? कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये असेल, दुपारच्या सत्राला आरसे लागतील. …

हो. तुझी ताई गेल्याचं आणि किल्ली सापडत नसल्याचं मला एकाच दमात कळलं. त्यातही आवाज कापला तो किल्लीपाशी. …

जेवतोय गं. चव विचारू नकोस, जेवतोय. … बरं, काम बोल. …

कार्डं? नाही झाली छापून. … मशीन बिघडलेलं नाही. … कागदही आहे. … करणार नाहीये, म्हणून झाली नाहीत. …

हो, हो… अगं ऐक ना. उद्या दहाला शिक्षकांचं प्रशिक्षण आहे, ठाऊक आहे मला. तुमचा शिपाई सकाळी नमुना देऊन गेला. समोरच पडलाय. लाल कार्ड, वर भोक, भोकात दोरी. पुढे मोठ्या अक्षरात 'मला समजून घ्या'. आणि मागे तुझ्या ताईचा फोटो. …

छान आहे? कुणाला वाटलं छान? … साहेबांना. साहेबांना स्वतःचा आवाजही छान वाटतो. …

थांब एक मिनिट. … काका, झेरॉक्स दोन्ही बाजूंनी हवीय का तुम्हाला? मग जरा बसा. … हं, बोल.

बरं मला सांग, हे कुणाच्या गळ्यात जाणार? … ज्यांना वाचायला जमत नाही, ज्यांचं लक्ष टिकत नाही, त्यांच्याच. म्हणजे फाटकात शिरल्या शिरल्या रखवालदारालाही कळावं, ढ कोण ते. पूर्वी निदान वर्गापुरतं होतं. …

मदत? छोटे, बिल्ला सामानाला बांधतात. प्रवासात हरवू नये म्हणून. …

अगं पण ताईचीच कल्पना म्हणजे काय? तिचं कार्ड वर्गातल्या प्रत्येकाकडे असायचं. एका बाजूला 'परत सांगा', दुसऱ्या बाजूला 'थोडं थांबा'. अडलं की गुपचूप बाकावर ठेवायचं. हात वर करायचा नाही, तोंड उघडायचं नाही. सगळ्यांकडेच आहे म्हटल्यावर कोण कुणाकडे बघणार? एका वर्गात तर पहिली येणारी मुलगीच सारखी 'परत सांगा' ठेवायची. बाईंची झोप उडाली होती. त्यांना वाटायचं, आपलं या मुलीला तरी सगळं कळतंय. …

सगळ्यांना दिली तर अभ्यासक्रम कधी संपणार? कोण म्हणालं हे? … शिक्षक. हं. पोरं मागे राहिली तरी चालतील, अभ्यासक्रम वेळेवर पोचला पाहिजे. …

आणि आरसे? ते तरी आहेत ना उद्या? … काढले? का? … अपमान वाटतो. कुणाला? … शिक्षकांना अपमान वाटतो.

वाटायलाच हवा होता. त्यासाठीच तर होते ते. पन्नाशीची माणसं बसवायची आणि आरशात बघत बघत धडा उतरवून काढायला लावायची. हात भलतीकडेच जातो. आणि ही मागून फिरत म्हणायची, इतकं सोपं आहे हो, लक्ष कुठंय तुमचं? … हो, तोच. तोच मुख्याध्यापक. पेन्सिल फेकून बाहेर निघून गेला. सगळे घाबरले, ही घरी येऊन हसत होती. म्हणाली, गेले, पण थोड्या वेळानं आपणहून परत आले, आणि खाली बघून विचारलं, माझ्या शाळेत एक मुलगा पेन्सिल फेकतो, त्याचं मी काय करायचं? तिचं शिकवणं तिथून सुरू व्हायचं, छोटे. त्याच्या आधी नाही. …

मग आता त्या जागी काय ठेवलंय? … साहेबांचं भाषण. … किती? … चहा धरून दोन तास. तीन दिवसांचं दोन तासांत बसवलं. बॅगेवर बसून चेन ओढतात तसं. …

आणि नंतर शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसणं? ते कोण करणार? ती बसायची दिवसभर. बाई काय बोलतात, पोरगं खिडकीबाहेर कधी बघायला लागतं, सगळं बघायची. कुणाचा पाय हलतो म्हणून त्याला उभं करू नका, त्याला खडू आणायला पाठवा, असं बाईंना बाजूला घेऊन सांगायची. पोरांसमोर कधी नाही. … त्याऐवजी प्रमाणपत्र. रंगीत असेल. … असणारच.

बरं, हा नमुना पास कुणी केला? … खाली सही आहे, पण ती साहेबांची नाही. … कुणी? …

तू. …

बोल ना. … 

घाईत होतीस. वाचायला वेळ लागतो तुला, माहीत आहे मला. इतकी वर्षं ऑफिसचं प्रत्येक पत्रक ताई तुला संध्याकाळी फोनवर वाचून दाखवायची. मी शेजारीच असायचो. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण हे तर तू वाचलं होतंस. तीन शब्द आहेत, छोटे.

शाळेत तुझ्या गळ्यात पाटी अडकवली होती, तिच्यावर काय लिहिलं होतं? … सांग. … 'मी अभ्यास करत नाही.' हो. तुला ते वाचता येत नव्हतं आणि अख्ख्या वर्गाला येत होतं. तुझी ताई आपला वर्ग सोडून आली आणि ती पाटी काढून घेतली. मारही खाल्ला त्यासाठी. पुढे आयुष्यभर शिक्षकांना शिकवत फिरली ती त्या एका पाटीपायी. आणि तू तीच पाटी लाल रंगात पास केलीस. मागे तिचा फोटो लावून. …

रडू नकोस. रडून काही ते कार्ड बदलणार नाही. …

साहेबांना काय सांगायचं? का नको ते सांग. … म्हणजे तुझंही तसंच आहे हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही? इतक्या वर्षांत? … कळलं तर काढून टाकतील. बघ, म्हणजे कशी शहाणी माणसं आहेत तुमची. पोरांची अडचण त्यांच्या गळ्यात टांगायची, आणि ऑफिसातली निघाली तर बाहेरची वाट दाखवायची. आणि हीच माणसं म्हणे शिक्षकांना समजून घ्यायला शिकवणार. …

नाही, सांगच असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. …

दुसऱ्या दुकानात द्या की. कोपऱ्यावरचा करून देईल, तो काहीही करून देतो. फोटो मात्र नाही वापरायचा. मी दिलेला नाही तो. … वेबसाइटवरून घेतला असला तरी. …

मी? मी कशाला दोन शब्द बोलू? माझे दोन शब्द तुमच्या साहेबांना पचायचे नाहीत. …

काय म्हणालीस? … परत सांग, मशीनचा आवाज होता. … थांब, बंदच करतो. हं.

तू घेणार सत्र? … आरसे देऊन? … घेता येईल तुला. ताईच्या मागे तूच तर उभी असायचीस, वह्या वाटत. … वाचून दाखवायचं काहीच नसतं त्यात. अडखळलीस तर अडखळ, सांग की अशी अडखळते मी. नाही सांगितलंस तरी चालेल. … साहेब काय म्हणाले? …

उद्या विचारणार. म्हणजे विचारलेलं नाहीस. …

बरं. ये इकडे. बिनदोरीची, बिनफोटोची कार्डं करून देतो, अख्ख्या वर्गाला पुरतील एवढी. कापायला बस माझ्याबरोबर. …

आभार कशाचे मानतेस? काही झालंय का अजून? साहेबांना तू विचारलेलं नाहीस, आणि त्या शिक्षकांना अजून कुणी काही शिकवलेलं नाही. … ठेवतो.